मेल सर्व्हर बूटला उठत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिना लागला की आमच्या जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४५ च्या पुढे जातो, लाइट जाते-येते आणि माझा फोन वाजायला लागतो. "भाऊ, मेल चालू व्हत नही." पलीकडे कधी दाल मिलचे मुनीमजी असतात, कधी रावेरकडचा केळीचा व्यापारी, कधी पतसंस्थेत कॉम्प्युटर सांभाळणारा मुलगा. प्रश्न तेच ते, म्हणून एकदाचे लिहून ठेवले. बहुतेकांच्या मशिनवर डेबियन किंवा उबंटू लिनक्स असतं आणि त्यावर पोस्टफिक्स (मेल घेणारा-पाठवणारा) नि डव्हकॉट (लोकांना त्यांचा इनबॉक्स दाखवणारा), तेव्हा उत्तरं त्याच हिशोबाने आहेत. आज्ञा मी फोनवर सांगतो तशाच देवनागरीत दिल्यात. टाइप अर्थातच इंग्रजीत करायच्या.

हाताने सुरू केला की लगेच चालतो, पण मशिन चालू झाल्यावर आपोआप उठत नाही. असं काब्र?

हाताने चालतो ना? मग निम्मं निदान तिथेच झालं. सेटिंग बरोबर आहे, प्रोग्राम शाबूत आहे, परवानग्या ठीक आहेत. फरक एवढाच की बूटच्या वेळी पोस्टफिक्स उठला तेव्हा त्याला लागणारी कुठली तरी वस्तू अजून जागी झाली नव्हती, आणि तुम्ही पाच मिनिटांनी हात लावला तेव्हा ती झाली होती. ती वस्तू बहुतेक वेळा नेटवर्क असते. कधी डिस्क, कधी डेटाबेस, कधी घड्याळ.

कोणती ते लॉग सांगतो. "जर्नलसीटीएल, स्पेस, डॅश बी, स्पेस, डॅश यू, स्पेस, पोस्टफिक्स स्टार". यातल्या डॅश बी मुळे फक्त या बूटचं दिसतं. सर्व्हर बिघडला त्यानंतर कोणी आणखी एकदा रीस्टार्ट मारला असेल तर डॅश बी च्या पुढे उणे एक लिहा, म्हणजे आधीच्या बूटचं मिळेल. मात्र त्यासाठी व्हार-लॉगच्या आत जर्नल नावाचं फोल्डर असावं लागतं. ते नसेल तर सिस्टमडी, म्हणजे बूटला सगळ्या सर्व्हिस उठवणारा प्रोग्राम, नोंदी फक्त मेमरीत ठेवतो आणि लाइटबरोबर त्याही जातात. आज, मशिन चालू असतानाच, ते फोल्डर बनवून टाका.

लॉगमध्ये "फेटल: पॅरामीटर आयनेट इंटरफेसेस: नो लोकल इंटरफेस फाउंड फॉर" आणि पुढे आमचाच आयपी दिसतो. आयपी तर बरोबर आहे!

आयपी बरोबर आहे, पण त्या क्षणी तो मशिनवर आलेला नव्हता. पोस्टफिक्सच्या सेटिंगच्या मेन सीएफ फाइलमध्ये आयनेट इंटरफेसेस (कोणत्या पत्त्यांवर ऐकायचं) समोर कोणी तरी थेट आयपीचे आकडे लिहिलेत. पोस्टफिक्स उठताना तो पत्ता मशिनवर शोधतो, सापडला नाही की तिथेच थांबतो. पुन्हा प्रयत्न करत नाही.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे तिथे ऑल लिहा. मग पोस्टफिक्स पत्ता आला की नाही ते न बघता सगळ्या बाजूंना कान लावून बसतो, आणि नंतर आलेल्या पत्त्यावरही ऐकतो. कोणाला आत घ्यायचं ते फायरवॉलने ठरवावं. मात्र मायनेटवर्क्सची ओळ, म्हणजे कोणत्या पत्त्यांवरून बाहेर मेल पाठवू द्यायचा ती यादी, स्वतःच्या हाताने लिहून ठेवा. ती नसेल आणि मायनेटवर्क्स स्टाइल सबनेटवर ठेवलेली असेल, तर पोस्टफिक्स उठताना दिसणाऱ्या नेटवर्कवरून अंदाज बांधतो; नेटवर्कच नव्हतं तर ऑफिसातल्या पीसींना दिवसभर "रिले ॲक्सेस डिनाइड" मिळत राहतं आणि दोष प्रिंटर-स्कॅनरवर जातो.

काही कारणाने आकडेच ठेवायचे असतील तर पोस्टफिक्सला थांबायला शिकवावं लागेल. युनिट फाइलमध्ये, म्हणजे सर्व्हिस कधी नि कशी उठवायची ते सिस्टमडीला सांगणाऱ्या फाइलमध्ये, आफ्टर आणि वॉन्ट्स या दोन्ही ओळींत नेटवर्क-ऑनलाइन टार्गेट हवं. नुसतं नेटवर्क टार्गेट पुरत नाही. त्याचा अर्थ फक्त "नेटवर्क सांभाळणारा प्रोग्राम सुरू झाला" एवढाच आहे. दूधवाला घरून निघाला म्हणजे दूध पातेल्यात पडलं असं होत नाही. मूळ युनिट फाइलमध्ये हात घालू नका, "सिस्टमसीटीएल एडिट" वापरा, म्हणजे तुमच्या ओळी वेगळ्या फाइलीत राहतात आणि पुढच्या अपडेटला पुसल्या जात नाहीत.

एवढं करूनही पन्नास टक्के लोक परत फोन करतात, कारण नेटवर्क-ऑनलाइन टार्गेट स्वतः काहीच थांबत नाही. थांबायचं काम वेट-ऑनलाइन नावाची वेगळी सर्व्हिस करते. नेटवर्कमॅनेजरची वेगळी, सिस्टमडी-नेटवर्कडीची वेगळी. ती डिसेबल असेल तर टार्गेट क्षणात "झालं" म्हणून मोकळं होतं. डेबियनच्या जुन्या पद्धतीत, म्हणजे इंटरफेसेस फाइलमध्ये, अजून एक खोड आहे: इन्स्टॉलर तिथे कार्डापुढे अलाउ-हॉटप्लग लिहून ठेवतो. तशा कार्डाची नेटवर्किंग सर्व्हिस वाट बघत नाही. त्याच्या जागी ऑटो लिहा. एका शब्दाचा फरक आहे, पण मी त्यापायी एक अख्खा रविवार घालवलेला आहे.

आम्ही तीनदा रीस्टार्ट करून बघितलं, तिन्ही वेळा व्यवस्थित उठला. लाइट गेली की मात्र हमखास पडतो. हे काय गौडबंगाल?

या प्रश्नाने मलाही फसवलंय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एमआयडीसीतली एक दाल मिल. ऑफिस माळ्यावर, खाली तुरीची धूळ, सर्व्हर लाकडी कपाटात. मी गेलो, रीस्टार्ट मारला, मेल उठला. पुन्हा मारला, पुन्हा उठला. मुनीमजींनी चहा पाजला, मी "झालं" म्हणून सही घेऊन निघालो. दुसऱ्या दिवशी दुपारी लाइट जाऊन आली आणि फोन: "भाऊ, कालच तर आले होते तुम्ही." परत गेलो. या वेळी सर्व्हरला हात न लावता मुख्य स्विचच खाली पाडला आणि कपाटासमोर घड्याळ लावून बसलो. लाइट सोडल्यावर सर्व्हर, त्याला एसएसडी असल्यामुळे, अर्ध्या मिनिटात लॉगिनपर्यंत पोचला. स्विचचे दिवे अजून केशरीच होते. आणि कोपऱ्यातला राउटर? तो दोन मिनिटं नुसता लुकलुकत होता, त्यानंतर कुठे आयपी वाटायला लागला.

म्हणजे मी एकटा सर्व्हर रीस्टार्ट करत होतो तेव्हा राउटर नि स्विच आधीच जागे होते, पत्ता मागितल्याबरोबर मिळत होता. लाइट गेली की तिघेही एकाच वेळी उठतात, आणि सर्व्हर सगळ्यांच्या आधी अंगणात येऊन उभा राहतो. मॅनेज्ड स्विच असेल तर आणखी भर. त्यात जुना स्पॅनिंग ट्री (वायरींचा फेरा होऊ नये म्हणून असलेली सोय) चालू असला की पोर्ट १५ सेकंद ऐकतो, १५ सेकंद शिकतो आणि मगच ३० सेकंदांनी डेटा सोडतो. नेटवर्कमॅनेजरचं वेट-ऑनलाइन साधारण ६० सेकंद थांबतं, नेटवर्कडीचं १२०. राउटर त्याहून सुस्त असेल तर थांबूनही उपयोग शून्य.

उपाय तीन, आणि मी तिन्ही करतो. सर्व्हरला आयपी राउटरकडून मागायचा नाही, मशिनवरच पक्का लिहायचा. आयनेट इंटरफेसेस ऑल. आणि राउटर-स्विच सर्व्हरच्याच यूपीएसवर घ्यायचे. दोघं मिळून एका एलईडी बल्बाएवढी वीज खात असतील, पण लोक यूपीएसवर मॉनिटर लावतात आणि राउटर भिंतीतल्या सॉकेटला.

जुन्या मशिनवर दहा वर्षं हा त्रास नव्हता. नवीन घेतलं आणि सुरू झाला.

जुन्या पद्धतीत बूटच्या स्क्रिप्ट नंबरवारीने चालायच्या. आधी नेटवर्क, त्याला पत्ता मिळेपर्यंत बाकीचे रांगेत उभे, मग मेल. सिस्टमडी २०१० मध्ये आला, सेंटओएस ७ ने तो २०१४ मध्ये घेतला आणि डेबियन ८ ने २०१५ मध्ये. तो ज्याला ज्याची वाट बघायला सांगितलेलं नाही त्या सगळ्यांना एकदम उठवतो. वेळ वाचतो, पण कोण कोणावर अवलंबून आहे ते आता लिहून द्यावं लागतं. शिवाय तेव्हाची हार्ड डिस्क इतकी हळू होती की राउटर आपोआप पुढे निघून जायचा.

स्टेटसमध्ये हिरवं "ॲक्टिव्ह" दिसतंय, मेल मात्र बंद. खोटं बोलतोय का?

हिरव्याच्या पुढे कंसात काय लिहिलंय ते वाचा. "एक्झिटेड" असेल तर त्या हिरव्याला काही अर्थ नाही. डेबियन-उबंटूच्या बऱ्याच आवृत्त्यांत पोस्टफिक्स नावाची सर्व्हिस म्हणजे नुसती पाटी आहे. ती "ट्रू" नावाची काहीच न करणारी आज्ञा चालवते आणि खूश होते. खरं दुकान "पोस्टफिक्स ॲट डॅश" या युनिटमध्ये आहे. स्टेटस त्याचं बघा आणि वर सांगितलेली एडिटही त्यालाच करा. पाटीवर आफ्टर लिहून काही होत नाही, हे मी स्वतः करून पाहिलंय.

सर्व्हिस एनेबल आहे की नाही कसं कळेल?

"सिस्टमसीटीएल इज-एनेबल्ड" विचारा. डिसेबल्ड आलं तर एनेबल करा. मास्क्ड, म्हणजे कुलूप लावलेली, आलं तर आधी अनमास्क. स्टार्ट म्हणजे आत्ता, एनेबल म्हणजे दर बूटला. सांगायला लाज वाटते, पण दहातले दोन फोन इथेच मिटतात.

आमच्याकडे आयपीच्या जागी दोन-दोन टिंबं आणि एक असा आकडा येतो.

तो आयपीव्ही६ चा लोकलहोस्ट. कोणी तरी कुठलासा सल्ला वाचून आयपीव्ही६ बंद केलं, पण पोस्टफिक्सला कळवलं नाही. मेन सीएफमध्ये आयनेट प्रोटोकॉल्स समोर आयपीव्ही४ लिहा. होस्ट्स फाइलमध्ये लोकलहोस्ट त्या टिंबांच्या पत्त्याला जोडलेला असेल तर तेही बघून घ्या.

"ॲड्रेस ऑलरेडी इन यूज" येतं.

२५ नंबरच्या पोर्टवर दुसरं कोणी तरी आधीच बसलंय. "एसएस डॅश एलटीएनपी" मारा, नाव समोर येईल. रेड हॅटच्या कुळातल्या मशिनवर बहुतेक वेळा सेंडमेल निघतो. डेबियनवर मला शेवटच्या दोन वेळा डॉकरचा कंटेनर, म्हणजे डब्यात बंद करून चालवलेला प्रोग्राम, सापडला. कोणी मुलाने प्रयोग म्हणून चालवून बघितलेला आणि रीस्टार्ट ऑलवेज ठेवून विसरलेला. बूटला डॉकर आधी पोचला तर मेल पडतो, नाही पोचला तर चालतो. म्हणून "कधी कधीच होतं" अशी तक्रार असेल तर हा संशय आधी घ्या.

मशिन काळ्या पडद्यावर "इमर्जन्सी मोड" म्हणून थांबतं. मेलचाच दोष का?

मेलपर्यंत गाडी पोचलेलीच नाही. एफएसटॅब फाइलमध्ये, म्हणजे बूटला जोडायच्या डिस्कच्या यादीत, लिहिलेली एखादी डिस्क सापडत नाहीये. सिस्टमडी तिची ९० सेकंद वाट बघतो आणि हात टेकतो. बहुतेक वेळा ती बॅकअपची यूएसबी डिस्क असते, जी शेठजींचा मुलगा पिक्चर कॉपी करायला घरी घेऊन गेलेला असतो. अशा डिस्कच्या ओळीत नोफेल लिहा, म्हणजे ती नसली तरी बूट अडत नाही.

पण मेलचे डबे ज्या डिस्कवर आहेत तिला डोळे मिटून नोफेल लावू नका. ही चूक फार महागात पडते. समजा ती डिस्क उशिरा जोडली गेली. नोफेलमुळे कोणी तिच्यासाठी थांबलं नाही, डव्हकॉट उठला, त्याला माउंटच्या जागी रिकामं फोल्डर दिसलं. लोकांनी आउटलुक उघडलं तर इनबॉक्स कोरा. एका कॉलेजात यावरून प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सगळे ऑफिसात जमले होते, "वीस वर्षांचं सगळं गेलं" म्हणून. गेलं काहीच नव्हतं, डिस्क जोडल्यावर सगळं जागेवर. पण मधल्या दोन तासांत आलेले मेल त्या रिकाम्या फोल्डरमध्ये पडले आणि डिस्क जोडल्याबरोबर तिच्याखाली झाकले गेले. ते वेगळे काढावे लागले.

यावर औषध आहे. डव्हकॉट आणि पोस्टफिक्स, दोघांच्या युनिटमध्ये "रिक्वायर्स माउंट्स फॉर" ही ओळ लिहून पुढे मेलच्या फोल्डरचा पत्ता द्या. मग डिस्क जोडल्याशिवाय ते उठतच नाहीत. दुसरी खबरदारी: डिस्क काढलेली असताना त्या रिकाम्या फोल्डरवर "सीएचॲटर प्लस आय" करून ठेवा, म्हणजे चुकून कोणी त्यात लिहूच शकत नाही.

लाइट आल्यावर मशिनची तारीखच मागे गेलेली असते. त्याने मेल अडतो का?

अडतो. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा बटण सेल संपलेला आहे. तारीख मागे गेली की समोरच्या सर्व्हरचं सर्टिफिकेट "अजून लागू झालेलं नाही" असं वाटायला लागतं आणि सुरक्षित जोडणी तुटते. डव्हकॉटच्या जुन्या, एक पासून सुरू होणाऱ्या आवृत्त्या तर घड्याळ मागे सरकल्याचं दिसलं की "मी आता स्वतःला संपवतो" अशा अर्थाचा निरोप लॉगमध्ये ठेवून बंद पडायच्या. दोनपासून पुढे तो हट्ट गेला. सिस्टमडीची टाइमसिंक सर्व्हिस चालू असेल तर ती शेवटची वेळ लिहून ठेवते, त्यामुळे नुकसान थोडं कमी होतं. सेल घड्याळवाल्याकडे मिळतो. बदलून टाका, त्यात कसली वाट बघता.

मेल सर्व्हर चालू आहे, पण सगळ्यांना आउटलुक पासवर्ड मागतंय.

पासवर्ड बदलू नका! कोणालाही बदलू देऊ नका. युजरची यादी मारियाडीबी या डेटाबेसमध्ये असेल तर आधी ती उठलीय का बघा. अचानक लाइट गेल्यावर तिचं इनोडीबी हे इंजिन आपले अर्धवट व्यवहार जुळवत बसतं, त्याला वेळ लागतो. तोपर्यंत डव्हकॉटला कोणाची ओळख पटत नाही आणि पोस्टफिक्स बाहेरून येणाऱ्याला ४५१ चा "टेम्पररी लुकअप फेल्युअर" देऊन नंतर या म्हणून सांगतो. दोघांच्या युनिटमध्ये आफ्टर समोर मारियाडीबी लिहा.

लॉगमध्ये "प्रायव्हेट ऑथ" ला (पोस्टफिक्स डव्हकॉटकडून पासवर्ड तपासून घेतो ती जागा) जोडता आलं नाही असं असेल तर डेटाबेस ठीक आहे, डव्हकॉट उठलेला नाही. डव्हकॉट उठत नाही याचं माझ्या अनुभवात एक नंबरचं कारण म्हणजे सर्टिफिकेटची फाइल जागेवर नसणं. मुदत संपलेल्या सर्टिफिकेटवर तो उठतो, फक्त लोकांना इशारे दिसतात. फाइलच नसेल तर मात्र बसून राहतो.

मेल येतात, पण बाहेर एकही जात नाही. पोस्टफिक्स रीस्टार्ट केला की जातात.

डेबियनच्या बऱ्याच आवृत्त्यांत पोस्टफिक्सचे बरेच भाग स्पूल फोल्डरच्या पिंजऱ्यात कोंडलेले असतात, बाहेरच्या फाइली त्यांना दिसत नाहीत. त्यांना रिझॉल्व्ह कॉन्फ फाइलची (नावावरून पत्ता शोधणारा डीएनएस सर्व्हर कुठला ते सांगणारी) नक्कल सुरू होताना दिली जाते. त्या वेळी नेटवर्क आलं नसेल तर नक्कल रिकामी किंवा जुनी, मग डीएनएस चालत नाही आणि सगळं "होस्ट नॉट फाउंड, ट्राय अगेन" म्हणून रांगेत साचतं. तुम्ही रीस्टार्ट करता तेव्हा नवी नक्कल जाते. मूळ रोग नेटवर्कचाच, औषध वरचंच.

"स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली" म्हणजे?

दहा सेकंदांत पाचपेक्षा जास्त वेळा उठवायचा प्रयत्न झाला, सिस्टमडी वैतागला. आधी खरी चूक दुरुस्त करा, मग "सिस्टमसीटीएल रीसेट-फेल्ड", मग स्टार्ट.

सरळ बूटनंतर दोन मिनिटं थांबून रीस्टार्ट करणारी क्रॉनची (ठरल्या वेळी आज्ञा आपोआप चालवणाऱ्या प्रोग्रामची) ओळ टाकली तर?

चालेल. मीही टाकलेली आहे, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुट्टीत, गावी बसून, मोबाइलवरून. पण राउटरने एखाद दिवशी तीन मिनिटं लावली की पुन्हा तेच. आणि तुमच्यानंतर येणाऱ्या माणसाला ती ओळ का आहे ते कळत नाही, म्हणून वर एक टिप्पणी तरी लिहा.

रात्रभर सर्व्हर बंद होता. आलेले मेल बुडाले का?

नाही. समोरचा सर्व्हर मेल स्वतःकडे धरून ठेवतो आणि परत परत दार वाजवतो. इंटरनेटच्या मेलच्या नियमांत हा प्रयत्न किमान चार-पाच दिवस चालवावा असं सांगितलंय, पोस्टफिक्स मुळातच पाच दिवस धरतो. त्यामुळे सुरू झाल्यावर मेल टप्प्याटप्प्याने येतात. लगेच दिसले नाहीत म्हणून घाबरू नका. तुमच्याकडे अडकलेले बाहेर जाणारे मेल "पोस्टक्यू डॅश पी" ने दिसतात आणि "डॅश एफ" ने ढकलता येतात. "पोस्टसुपर डॅश डी ऑल" हे कोणी सुचवलं तर हात जोडा. त्याने रांग साफ होते, म्हणजे ट्रकच्या बिल्ट्या, कोटेशनं, सगळं पुसलं जातं.

लाइट येऊनही मशिनच चालू होत नाही, कोणाला तरी बटण दाबावं लागतं.

बायोसमध्ये वीज परत आल्यावर काय करायचं याची सेटिंग असते. ती "नेहमी चालू" वर ठेवा.

यूपीएस असूनही मशिन धाडकन बंद होतं.

बॅटरी किती जुनी आहे? लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंशांच्या आसपास धरून सांगितलेलं असतं आणि दर दहा अंशांना ते साधारण निम्मं होतं. आपल्याकडे बंद कपाटात मे महिन्यात काय होत असेल त्याचा हिशोब तुम्हीच करा. कपाटाचं दार काढून ठेवा. यूपीएसला यूएसबीची वायर असेल तर ती सर्व्हरला जोडून नट नावाचा प्रोग्राम बसवा, म्हणजे बॅटरी संपत आली की मशिन स्वतः नीट बंद होईल. ती वायर बहुतेक वेळा खोक्यातच पडलेली सापडते.

सगळं पुन्हा इन्स्टॉल केलं तर?

तीच मेन सीएफ परत टाकणार ना? मग तोच दोष परत येणार.

आता दुरुस्त झालं हे पक्कं कसं समजायचं?

दुपारी जेवणाच्या सुट्टीत, सगळ्यांना काम सेव्ह करायला सांगून, सर्व्हर नीट बंद करा. मग राउटर आणि स्विचसकट सगळ्याची वीज काढा, यूपीएसचीही. दहा मिनिटं थांबा. मग मुख्य स्विच एकदमच वर करा आणि कीबोर्डला हात लावू नका. पाच मिनिटांनी मोबाइलचं वायफाय बंद करून, स्वतःच्या डेटावरून, ऑफिसच्या पत्त्यावर एक मेल पाठवा आणि तिथून उत्तर मागवा. दोन्ही पोचले की दुसऱ्या दिवशी हेच पुन्हा करा, कारण पहिल्यांदा जमलं ते योगायोगानेही असू शकतं. दाल मिलमध्ये मी हे तीन दिवस केलं. तिसऱ्या दिवशी मुनीमजी स्वतःच म्हणाले, "आता स्विच मी पाडतो."